घड्याळाचं साल कुणाला विचारायचं?

जुनं डायव्ह वॉच, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्यांसाठी बनवलेलं घड्याळ, कुणाच्याही हातात द्या, पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या सालचं आहे हो?" आणि या प्रश्नाचं एका आकड्यात छातीठोकपणे उत्तर देणारा माणूस भेटला की मी जरा सावध होतो. कारण घड्याळ म्हणजे काही एक अखंड वस्तू नाही. केस, म्हणजे बाहेरची धातूची डबी, वेगळी, मागचं झाकण वेगळं, डायल, काटे, काचेभोवतीची फिरणारी कडी म्हणजे बेझल, त्या बेझलमधला आकड्यांचा इन्सर्ट, चावी, काच, आतलं मशीन, हे सगळं सुटंसुटं तयार होतं आणि मग कुणीतरी जोडतं. या सगळ्यांचं जन्मसाल एकच असेल असं कुणी लिहून दिलेलं नाही. पहिल्या पिढीतल्या घड्याळांच्या बाबतीत तर ते एक नसण्याचीच शक्यता जास्त, आणि मला ही घड्याळं इतकी आवडतात त्याचं निम्मं कारण हेच आहे.

उरलेलं निम्मं कारण म्हणजे ही घड्याळं मिरवायला केलेलीच नव्हती. जुन्या काळी तांब्या-पितळेचं शिरस्त्राण घालून पाण्यात उतरणाऱ्या माणसाला वरून नळीनं हवा मिळायची आणि तो किती वेळ खाली आहे हे बोटीवरचे लोक बघायचे. १९४३ मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि इंजिनीयर एमिल गान्यान यांनी अ‍ॅक्वालंग तयार केलं, माणूस पाठीवर हवेची टाकी घेऊन मोकळा पोहायला लागला, आणि त्याबरोबर वेळ सांभाळायची जबाबदारी पण त्याच्याच मनगटावर आली. वेळ चुकली तर काय होतं ते साधं आहे, दाबाखाली रक्तात आणि शरीरात नायट्रोजन मुरत जातो, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त थांबून माणूस एकदम वर आला तर तोच नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडायला बघतो. त्या काळातल्या अमेरिकन नेव्हीच्या तक्त्यात ६० फुटांवर ६० मिनिटं आणि १०० फुटांवर फक्त २५ मिनिटं दिलेली होती, तेवढ्यात निघालात तर वर येताना मधे थांबावं लागत नाही. म्हणून बेझल. पाण्यात उतरताना बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायचा, पुढे काटा जिथे असेल तेवढी मिनिटं झाली, डोक्यात कुठलीही वजाबाकी करायची नाही. इतकी साधी युक्ती, आणि त्यावर माणसाचा जीव.

ब्लँकपेन या स्विस कंपनीच्या फिफ्टी फॅदम्स या घड्याळाची गोष्ट माहीत असेल कदाचित. ब्लँकपेन तेव्हा ज्यांच्या हातात होती ते झां-जाक फिश्टर स्वतः डायव्हिंग करायचे, आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एकदा खाली असताना त्यांचं वेळेचं भान सुटलं, हवा संपत आली. त्यातून त्यांनी स्वतःला हवं तसं घड्याळ करायला घेतलं. दुसऱ्या बाजूला फ्रेंच नौदलाच्या पाण्याखाली पोहून लढणाऱ्या सैनिकांची तुकडी उभी करणारे रॉबर्ट मालुबिए आणि क्लोद रिफो हे नेमकं असंच घड्याळ शोधत फिरत होते, काळी डायल, मोठे ठळक आकडे, अंधारात चमकणाऱ्या खुणा, बाहेरचं फिरणारं बेझल. १९५३ मध्ये दोघांची गाठ पडली आणि घड्याळ तयार झालं. ५० फॅदम म्हणजे ९१ मीटरच्या थोडं वर, तेव्हा टाकी घेऊन जाणाऱ्या डायव्हरसाठी एवढी खोली पुष्कळ समजली जायची. त्याच १९५३ च्या आसपास रोलेक्सनं सबमरिनर बनवायला घेतलं आणि १९५४ च्या वसंतात बाझलच्या प्रदर्शनात मांडलं. झोडियॅकचं सी वुल्फ पण याच वेळचं.

आता यातलं पहिलं कोणतं यावर लोक तावातावानं भांडतात आणि मला त्या भांडणात काडीचा रस नाही. पण त्यातून एक गोष्ट मात्र कळते जी साल काढताना फार उपयोगी पडते. घड्याळ तयार झालं कधी, लोकांना दाखवलं कधी, आणि विकलं गेलं कधी, ही तीन वेगवेगळी सालं असू शकतात. कागदपत्रांवर सहसा तिसरं असतं, केसवर पहिलं असतं, आणि जाहिरातीत दुसरं. विकणारा माणूस बहुतेक वेळा या तिघांतलं सगळ्यात जुनं पकडतो, म्हणजे खोटं बोलतो असं नाही, पण त्याला सोयीचं तेवढंच बोलतो.

सुरुवातीच्या घड्याळांची खरी गंमत ही की कंपनीलाच अजून नक्की ठरवता आलेलं नव्हतं काय करायचं ते. सबमरिनरचे पहिले तीन रेफरन्स, म्हणजे कंपनीचे मॉडेल नंबर, ६२०४, ६२०५ आणि ६२००. आकड्यांवरून वाटेल की ६२०० आधी आलं असेल, पण तसं नाहीये, ६२०४ हे आधीचं, आणि जाड केसचं, मोठ्या चावीचं, २०० मीटरचं ६२०० त्याच्यानंतरचं. काही डायलवर सबमरिनर हे नावच नाही. काहींवर ते छापून नंतर काळ्या रंगाखाली झाकलेलं आहे, तिरप्या उजेडात धरलं की अक्षरांचा उंचवटा जाणवतो. खोलीचा आकडा, म्हणजे १०० मीटर किंवा ३३० फूट अशी जी ओळ आपण गृहीतच धरतो, ती पण पहिल्या डायलवर सहसा दिसत नाही. आधी सरळ पेन्सिलसारखे काटे, मग तो गोल टिकलीत तीन फाटे असलेला तासकाटा. आणि हे बदल एका रात्रीत झाले नाहीत, जुने सुटे भाग संपेपर्यंत वापरले जायचे, नवे आले की त्यात मिसळायचे. त्यामुळे आजचा कुणी अभ्यासू माणूस म्हणतो ना की "या रेफरन्सला हेच काटे हवेत", ते साधारण खरं असतं पण पहिल्या एक-दोन वर्षांतल्या घड्याळांना ते लावायचं म्हणजे जरा जपूनच. नियम नंतर झाले, घड्याळं आधी.

सिरीयल नंबरवर लोकांचा फार विश्वास. रोलेक्सचा नंबर पट्टा काढल्यावर सहाच्या बाजूला दोन लगच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, मधे कोरलेला असतो, बाराच्या बाजूला रेफरन्स. नंबर घेतला, तक्त्यात बघितला, साल मिळालं, संपलं. पण नेमकं पहिल्या सबमरिनरच्याच काळात, पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात, रोलेक्सचे नंबर ९,९९,९९९ ला येऊन ठेपले आणि पुन्हा लहान आकड्यांपासून सुरू झाले. म्हणजे त्या काळातला एकच नंबर दोन वेगवेगळ्या वर्षांच्या घड्याळांवर असू शकतो आणि तक्ता तुम्हाला त्यातलं कुठलंही एक साल बिनदिक्कत सांगून मोकळा होतो. शिवाय हे तक्ते कंपनीनं दिलेले नाहीत, पावत्या, लिलावाच्या याद्या आणि उघडलेली घड्याळं यांवरून लोकांनी जुळवलेले आहेत, आणि दोन तक्ते शेजारी ठेवले की वर्षा-दोन वर्षांचा फरक सहज निघतो.

त्यापेक्षा मला मागच्या झाकणाची आतली बाजू जास्त बोलकी वाटते. पन्नाशी-साठीतल्या रोलेक्सच्या झाकणाच्या आत बऱ्याचदा रोमन आकड्यात तिमाही आणि पुढे सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, म्हणजे तिसरी तिमाही, ५८, असं. वाचायला सोपं, आणि घड्याळजींनी वेळोवेळी सर्व्हिसिंगला उघडल्यावर आतून सुईनं कोरलेल्या बारीक तारखा पण तिथेच सापडतात, कुणाची सही, कुणाचा दुकानातला नंबर. कुठल्या साली कुणाच्या तरी टेबलावर हे उघडं पडलेलं होतं याचा त्यापेक्षा सरळ पुरावा नाही. अडचण एकच, झाकण बदलता येतं. सगळ्यात सहज बदलता येणारा भाग तोच.

म्हणून शेवटी गाडी डायलवर येते. आणि डायल बघायची म्हणजे भिंग डोळ्याला लावून निवांत बघायची, फोटोवर नाही. साठीच्या मध्यापर्यंतच्या काळ्या चकचकीत डायलवर सोनेरी अक्षरं असतात त्याला संग्राहक गिल्ट म्हणतात. ती अक्षरं सोनेरी रंगानं वर छापलेली नसतात. पितळेचा पत्रा घ्यायचा, त्यावर अक्षरं पारदर्शक लाखेनं छापायची, मग गॅल्व्हनिक पद्धतीनं, म्हणजे विजेच्या साहाय्यानं, काळा थर चढवायचा, जिथे लाख आहे तिथे काळा बसत नाही, आणि नंतर लाख धुऊन काढली की अक्षरांच्या जागी खालचं पितळ उघडं पडतं. त्यामुळे दहापट भिंगाखाली तिरपा उजेड टाकला की खरी गिल्ट अक्षरं काळ्या पृष्ठभागाच्या किंचित खाली बसलेली दिसतात, त्यांच्या कडा पाण्याच्या काठासारख्या मऊ असतात, आणि वर जी चंदेरी ओळ असेल, बहुतेक खोलीची, ती मात्र पृष्ठभागाच्या वर आलेली दिसते कारण ती नंतर छापलेली असते. नकली डायलमध्ये सगळी अक्षरं एकाच पातळीवर वर उठलेली असतात. हे एकदा नीट बघितलं की पुन्हा विसरत नाही माणूस.

याच डायलवर अजून बारीकसारीक खुणा. कडेनं मिनिटांच्या रेघांना जोडणारं बंद वर्तुळ असेल तर साधारण १९६२-६३ च्या आधीचं. सहाच्या खुणेखाली एक टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असेल तर साठीच्या अगदी सुरुवातीचं, आणि त्याऐवजी छोटीशी आडवी रेघ असेल तर अजून थोडं पुढचं. या ठिपक्याचा आणि रेघेचा अर्थ कंपनीनं कधी जाहीर केला नाही, पण चमकणाऱ्या रंगात रेडियमचं प्रमाण कमी केल्याची आणि मग रेडियम सोडून ट्रिशियम या क्षीण किरणोत्सारी पदार्थाकडे वळल्याची ती खूण असं मानलं जातं, आणि काळाचा हिशोब त्याला जुळतो.

आणि सगळ्यात खाली, डायलच्या काठाशी, काचेच्या कडेत अर्धवट लपलेली ती एवढीशी अक्षरं. नुसतं "स्विस" असेल तर रेडियमचा काळ, १९६३-६४ पर्यंतचा. स्विस शब्दाच्या आजूबाजूला इंग्रजी टी असेल किंवा टी आणि २५ पेक्षा कमी अशी खूण असेल तर ट्रिशियम, आणि तो आकडा मिलिक्युरी या किरणोत्साराच्या एककात आहे. पण यात एक जबरदस्त फसवणूक दडलेली आहे आणि नवीन माणूस त्यात हमखास सापडतो. १९९८ च्या सुमारास ट्रिशियम जाऊन ल्युमिनोव्हा हा किरणोत्सारी नसलेला चमकणारा रंग आला तेव्हा काही काळ पुन्हा नुसतं "स्विस" छापलं जाऊ लागलं. तोपर्यंत सबमरिनरच्या ५५१३ या मॉडेलचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली होती, पण सर्व्हिसिंगला आलेल्या जुन्या ५५१३ ला कंपनीकडून नवी डायल बसवून मिळायची, आणि तिच्यावर नुसतं "स्विस". एकच शब्द, मधे पस्तीस वर्षं. आता समोरचा माणूस बोट दाखवून म्हणाला, "बघा, स्विस ओन्ली, म्हणजे १९६२", तर शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही एवढंच मी म्हणतो आणि टॉर्च काढतो.

टॉर्च म्हणजे अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. याच्याइतकं प्रामाणिक साधन दुसरं नाही. रेडियमचा अर्धायुष्यकाळ १६०० वर्षांचा, म्हणजे १९५४ मध्ये डायलवर लावलेल्या रेडियमपैकी सुमारे ९७ टक्के आजही तिथेच आहे आणि आजही किरणं सोडतंय. तरी ती डायल अंधारात चमकत नाही, कारण चमकायचं काम रेडियमचं नाही, त्यात मिसळलेल्या झिंक सल्फाइडचं, आणि ते इतक्या वर्षांच्या माऱ्यानं कधीच निकामी झालेलं असतं. ट्रिशियमचं उलटं. त्याचा अर्धायुष्यकाळ साडेबारा वर्षांहूनही कमी, १२.३ वर्षं, म्हणजे १९६४ च्या डायलवर आता जेमतेम ३ टक्के शिल्लक, पण झिंक सल्फाइड बऱ्यापैकी शाबूत असतं. त्यामुळे टॉर्च मारून बंद केली की ट्रिशियमची खूण क्षणभर मंद उजळते आणि काही सेकंदांत विझून जाते. रेडियमवाली जवळजवळ हूं का चूं करत नाही. आणि डायल शांत, पण काटे मात्र टॉर्च बंद केल्यावरही मिनिटभर हिरवेगार चमकत राहिले तर समजायचं की काट्यांत अलीकडे कुणीतरी नवा रंग भरलाय, मग तो किती का सुंदर पिवळट जुनाट दिसेना. गायगर काउंटर जवळ असेल तर उत्तमच, रेडियमसमोर तो कडकड वाजायला लागतो आणि ट्रिशियमसमोर गप्प, कारण ट्रिशियमची किरणं इतकी क्षीण असतात की काचेच्या बाहेर पडत नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो कारण यात हयगय नको. रेडियमची डायल घरी उघडू नका, खरवडू नका, त्यावर फुंकर मारू नका. बंद घड्याळ हातात धरून बघणं वेगळं आणि तो सुटलेला भुगा श्वासावाटे आत जाणं वेगळं. शंभर वर्षांपूर्वी घड्याळांच्या डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी नीट करायच्या आणि त्यांच्या जबड्याची हाडं झिजून त्या गेल्या, आणि तो धडा लोकांनी फार उशिरा घेतला. फिफ्टी फॅदम्सच्या साठीच्या मध्यातल्या काही डायलवर सहाच्या वर किरणोत्साराचं चिन्ह आणि त्यावर फुली अशी खूण येते, "नो रेडिएशन्स" असं लिहिलेलं, ते लोकांची भीती घालवायलाच. आता ती खूण दुर्मिळ म्हणून मिरवली जाते, पण मला तिच्यात साल दिसतं, रेडियमची भीती सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचलेल्या वर्षांचं.

स्विस घड्याळांचं हे सगळं पुराण ऐकून थकलेल्या माणसाच्या हातात मी नेहमी एक सीको देतो. जपानी लोकांनी ही भानगड किती सरळ ठेवलीये बघा. सीकोचं पहिलं डायव्ह वॉच १९६५ चं, ६२मास म्हणून ओळखलं जातं, १५० मीटरचं, मागे झाकणावर डॉल्फिन. आधीच्या ६२१७-८००० ला चावी लहान, नंतरच्या ६२१७-८००१ ला मोठी, हातात ग्लोव्ह घालून फिरवता यावी इतपत. १९६६ पासून जपानच्या अंटार्क्टिक मोहिमेतल्या लोकांच्या हातावर हेच होतं.

त्यानंतरचं ६१०५-८०००. माझ्याकडे जे आहे त्याचं झाकण पालथं करून बघू. वर मॉडेल नंबर, त्यात पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार केसचे. सिरीयल नंबर ८८ नं सुरू होतो. पहिला आकडा सालाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा, ऑक्टोबर असता तर ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. म्हणजे आठ संपणाऱ्या सालातला ऑगस्ट. ५८ नाही कारण हे मॉडेलच तेव्हा नव्हतं, ७८ नाही कारण १९७० च्या सुमारास ही केस जाऊन ती चावीच्या बाजूनं फुगलेली ८११० आली. उरलं १९६८. झालं? नाही झालं, कारण ही सगळी माहिती झाकणावर आहे आणि झाकणाचं काय ते वर सांगितलंच आहे. मग डायल बघायची. तिच्यावर "वॉटर १५० मीटर प्रूफ" लिहिलंय. १९७० च्या आसपास सीकोनं प्रूफ हा शब्द काढून त्याजागी रेझिस्ट आणला, म्हणजे डायल त्याच्या आधीची, झाकणाशी जुळते. सहाच्या खुणेखाली अगदी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत डायलचा स्वतःचा नंबर असतो, तो ६१०५ चाच आहे ना ते बघितलं, आहे. चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, फिरतच राहतो, म्हणजे आत ६१०५ए मशीन, नंतरच्या ६१०५बी मध्ये काटा थांबतो. चार गोष्टी, चौघींचं एकमत. आता मी बिनधास्त म्हणतो, ऑगस्ट १९६८. इन्सर्ट मात्र नवा आहे, काळा कुळकुळीत, जुन्याचा जो राखाडी झालेला रंग असतो तो याला नाही, आणि ते मी कुणालाही घड्याळ दाखवताना आधी सांगतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ईपीएसए कंपनीची सुपर कंप्रेसर केस, दोन चाव्यांची, जिच्यात फिरणारं बेझल काचेच्या आत असतं, ती कितीतरी ब्रँड्सनी वापरली, आणि पाण्याचा दाब वाढेल तसं झाकण गास्केटवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर, जास्त घट्ट बसतं ही तिची कल्पना होती, झाकणावर डायव्हरच्या शिरस्त्राणाचं चिन्ह. सोव्हिएत वोस्तोक अँफिबिया १९६७ चं, नोविकोव आणि बेलोवा या दोघांनी हाच दाबाचा विचार आपल्या पद्धतीनं केला, झाकण वेगळं आणि ते आवळणारी आट्यांची रिंग वेगळी, त्यामुळे गास्केट पिळवटत नाही. दोनशे मीटर. मला हे घड्याळ फार आवडतं, कमी साधनांत इतका स्वच्छ विचार.

ओमेगाच्या सीमास्टर ३०० बद्दल मात्र थोडं थांबायला हवं. पहिलं सीके २९१३, १९५७ चं, रुंद बाणासारखा तासकाटा, आणि झाकणाच्या आत रेफरन्सपुढे एक ते आठ असा पोटआकडा, त्यावरून आधीचं नंतरचं कळतं. नाव ३०० पण हमी २०० मीटरची, कारण तेव्हाच्या चाचणी यंत्राची मजल तेवढीच होती असं कंपनीच सांगते. त्याच साली त्याच्या जोडीनं दोन भावंडं आली, रेलमास्टर आणि स्पीडमास्टर. आणि या स्पीडमास्टरच्या एका घड्याळानं आम्हा सगळ्यांची झोप उडवली होती. २०२१ मध्ये जिनिव्हात ते ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर लिलावात गेलं, पहिल्या पिढीचं, तपकिरी पडलेल्या डायलचं. आणि २०२३ मध्ये खुद्द ओमेगानं जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेलं आहे आणि त्यात कंपनीतले आधीचे कर्मचारी सामील होते. म्हणजे भाग जुने, काम सफाईदार, कागद जागेवर, आणि तरी ते घड्याळ त्या रूपात कधी अस्तित्वातच नव्हतं.

या प्रकारानंतर बऱ्याच लोकांनी हात झटकले, म्हणाले आता कशावरच विश्वास नको. मला उलट वाटतं. जुळवलेलं घड्याळ सगळ्यात आधी पकडलं जातं ते त्याच्या नको इतक्या निर्दोषपणामुळे. ज्या घड्याळानं वीस वर्षं खारं पाणी खाल्लंय त्याच्यावर ते सारखं पसरलेलं असतं, बेझलच्या कडांवर झीज, लगच्या आतल्या बाजूला पट्ट्याच्या पिनेनं पाडलेले खड्डे, काट्यांच्या रंगात आणि डायलच्या खुणांत एकाच छटेचा पिवळेपणा. एका भागाचं वय एक आणि शेजारच्याचं दुसरं असेल तर त्याचं काहीतरी कारण असायला हवं, आणि बहुतेक वेळा ते कारण अगदी निर्मळ असतं. अहो ही कामाची घड्याळं! ब्रिटिश नौदलातली ५५१३ आणि ५५१७, पट्ट्याच्या पिना केसलाच कायमच्या पक्क्या केलेल्या, डायलवर वर्तुळात टी, ती एका डायव्हरकडून परत यायची, दुरुस्त व्हायची, दुसऱ्याला दिली जायची. फ्रेंच नौदलाच्या ट्यूडरवर, म्हणजे रोलेक्सच्याच भावंड कंपनीच्या घड्याळावर, मागे एमएन (मरीन नॅशनल, म्हणजे फ्रेंच नौदल) आणि पुढे साल कोरलेलं, ते साल पण घड्याळ नौदलाच्या ताब्यात आल्याचं, बनल्याचं नाही. कोठारातल्या माणसाला काटे तुटले तर जे काटे हाताशी आहेत ते बसवायचे होते, पन्नास वर्षांनी कुणीतरी भिंग लावून बघेल हा विचार त्याच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

म्हणून मी माझ्या वहीत घड्याळापुढे एक साल लिहीत नाही. प्रत्येक भागापुढे वेगळं लिहितो, केस अमुक ते तमुक, डायल अमुक ते तमुक, काटे, इन्सर्ट, चावी, आणि प्रत्येकापुढे ते कशावरून ठरवलं ते. हे वाचायला कंटाळवाणं आहे पण माझ्यानंतर ते घड्याळ ज्याच्याकडे जाईल त्याला माझ्या शब्दावर विसंबून राहावं लागणार नाही. पॉलिश करून लगच्या तिरप्या कडा घालवलेली केस मी घेत नाही, कितीही स्वस्त असली तरी, कारण गेलेलं पोलाद परत येत नाही. उखडलेल्या खुणांत नवा रंग भरायच्या तर मी पूर्ण विरोधात आहे. उन्हानं तपकिरी पडलेल्या डायलला लोक ट्रॉपिकल म्हणून दुप्पट-तिप्पट भाव देतात, त्या सुंदर दिसतात हे मान्य, पण तो रंग ठरवून भट्टीतही आणता येतो हे लक्षात ठेवून बघाव्यात. आणि पाण्यात, नाही. कितीही मोह झाला तरी. गास्केट वाळलेलं, काच आक्रसलेली, आणि आत शिरलेला एक थेंब डायलचा चुराडा करायला पुरेसा आहे.

सगळ्यात मोठा पुरावा मात्र घड्याळात नसतोच, तो माणसाकडे असतो, आणि तो झपाट्यानं नाहीसा होतोय. १९५०-६० च्या दशकांत ही घड्याळं घालून पाण्यात उतरणारे लोक आता ऐंशी-नव्वदीत आहेत किंवा गेलेत. म्हणून घड्याळ घेताना मी किमतीआधी विचारतो, कुणाचं होतं, कुठे काम करायचे, डायव्हची नोंदवही आहे का, दुरुस्तीची एखादी पावती, हातात घड्याळ दिसेल असा एखादा फोटो. नव्याण्णव वेळा काही मिळत नाही. पण एकदा एक ट्यूडर ७९२८ आलं, टोकदार क्राउन गार्डचं, म्हणजे चावीला धक्का लागू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना केसची टोकं असलेलं, झाकणाच्या आत १९६३, डायल गिल्ट, काटे डायलशी जुळणारे, आणि इन्सर्ट मात्र उघडपणे नंतरच्या छापाचा. विकणाऱ्या बाईंचे वडील बंदरात पाण्याखालचं वेल्डिंग करायचे. मी विचारल्यावर त्यांनी जुन्या नोंदवह्या चाळल्या, आणि एकीच्या पानांत दुमडलेली पावती निघाली, १९६९ ची, काच, गास्केट, इन्सर्ट, खाली तिघांची बेरीज आणि दुकानाचा शिक्का. त्याच आठवड्याच्या पानावर वडिलांनी लिहिलं होतं की घाटाच्या खांबावर हात आपटला, बेझल फुटलं, घड्याळ चालू.

त्या केसला शोभेल असा १९६३ चा खरा इन्सर्ट माझ्याकडे डबीत पडून आहे आणि लोक मला सांगतात बसवून टाक, किंमत वाढेल. मी तो बसवलेला नाही आणि बसवणारही नाही. वहीत केस १९६३, डायल १९६३, काटे १९६३, इन्सर्ट १९६९, पावती सोबत, असं लिहून ठेवलंय.